ठेवतोस की धरतोस

“आणि मी ‘ठेवतो’ म्हणालो, तर ते देवाच्या घरात खोटं बोलणं नाही का, पाळकसाहेब?”

 याकोब आढाव पाळक देवळाशेजारच्या खोलीत खुर्चीत बसून झग्याचं बटण लावत होते. बटण काही काजात जाईना.

समोर बन्यामीन कसोटे उभा होता. आज त्याची दीक्षा. घंटा झाली की सगळ्या मंडळीसमोर पाळक त्याला विचारणार होते, ‘प्रभूवर विश्वास ठेवतोस का?’ ‘ठेवतो’ म्हटलं की बन्यामीन पाळक झाला.

प्रश्नातला शब्दही त्याच्याच सांगण्यावरून बदलला होता. आढाव पाळक जन्मभर ‘विश्वास धरतोस का’ असंच विचारत आले. सेमिनरीत पहिल्या आलेल्या बन्यामीनने त्यांना सुधारलं, “धरतो आता कोण म्हणतं, साहेब? ठेवतो म्हणतात.” म्हाताऱ्याने निमूट ऐकून घेतलं. पोराला स्वतःच्या हुशारीचं भारी कौतुक, आणि खरं सांगायचं तर गावालाही होतं.

“बोल,” पाळक म्हणाले.

“सुंदरबाईंच्या उशाशी बसून मी काय सांगितलं, ठाऊक आहे तुम्हाला. विश्वास ठेवा, उठून बसाल.”

“हं.”

“नाही उठल्या. माती द्यायलाही मीच होतो. तेव्हापासून प्रार्थनेला बसलो की वाटतं, पलीकडे कोणी ऐकतच नाही...”

त्याने देवळाच्या दिशेने बोट केलं.

“आणि त्यांचा नवरा, सावळेराम, आज पहिल्या बाकावर येऊन बसलाय. त्याच्या तोंडावर मी ‘ठेवतो’ म्हणू?”

“सावळेरामची खात्री पटली म्हणून तो आलाय, असं वाटतं तुला?”



बाहेर घंटा सुरू झाली.

“माझ्याच्यानं होणार नाही,” बन्यामीन म्हणाला. “मंडळीला तुम्ही काय ते सांगा. मी मागच्या फाटकाने जातो.”

“बरं.” पाळक उठले. “तेवढं मला पायऱ्यांवरून खाली सोड. गुडघा धड नाही माझा.”

खोलीतून अंगणात उतरायला दगडी पायऱ्या होत्या. बायांनी त्या सकाळीच धुतल्या होत्या, अजून ओल्याच होत्या. बन्यामीनने म्हाताऱ्याचा दंड धरला.

मधल्या पायरीवर पाळकांचा पाय सटकला.

बन्यामीनने त्यांना दोन्ही हातांनी आवळलं. दोघेही तिथेच थिजले. घंटा थांबली होती. आत मंडळीने गीत सुरू केलं.

“आता पडत नाही ना मी?” पाळकांनी हळूच विचारलं.

“सांगता येत नाही... माझाच पाय सरकतोय.”

“मग सोड.”

“सोडू कसा?” बन्यामीन जवळजवळ ओरडलाच.

 एकेक पायरी चाचपत दोघे खाली आले.

अंगणात उजवीकडे मागचं फाटक होतं आणि समोर देवळाचं दार. दारातून पहिला बाक दिसत होता. सावळेराम मान वळवून त्यांच्याकडेच बघत होता. गीत संपलं. आतली खोकल्याची उबळसुद्धा बाहेर ऐकू येत होती.

बन्यामीनची बोटं अजून म्हाताऱ्याच्या दंडात रुतलेली होती. ती त्याला सोडवेनात.

पाळकांनी त्या बोटांकडे पाहिलं.

“चल आत,” ते म्हणाले. “मी आपला जुनाच शब्द विचारणार आहे.”