बोरजाईवाडीच्या लाल खुर्च्या

पाव्हणं, त्या समोरच्या दारात लाल खुर्च्या मांडल्यात म्हणून "कुणाचं लगीन?" असं विचारायला जाऊ नका हां. मागं एक साहेब विचारून बसले आणि मग तोंड लपवायला जागा मिळेना त्यांना. तिथं मयत झालंय. बारशाला हिरव्या, सभेला निळ्या, लग्नाला पांढऱ्या आणि मयताला लाल, ही आमच्या बोरजाईवाडीची रीत. सगळ्या मुलखाच्या उलटी. असेना का!

पूर्वी असं नव्हतं म्हणतात. लोखंडी घडीच्या खुर्च्या नव्यानं आल्या, तेव्हा बाबालाल मंडपवाल्यानंच त्या रंगवल्या. लग्नाला लाल, दुखवट्याला पांढऱ्या. त्याची बैलगाडी निघाली की नुसत्या रंगावरून गावाला कळायचं, कुठल्या घरी काय आहे ते. बाबालालला त्याचा भारी अभिमान.

गावात हौसाबाई नावाची विधवा होती. दुसऱ्याच्या रानात भांगलण करून तिनं एकुलत्या एका पोराला, शिदूला, वाढवला. त्याचं लग्न ठरलं, हळद उद्यावर आली. राहिलेली आमंत्रणं द्यायला शिदू नदीपलीकडं गेला आणि परतताना नाव उलटली. पाटलांनी बाबालालकडं माणूस धाडला, "शिदू गेला. पांढऱ्या खुर्च्या टाक. हौसाआक्काला आम्ही पुढं होऊन सांगतो." पण मढं शोधण्यात पाटील नदीवरच अडकले आणि बाबालालची गाडी आधी पोचली.

हौसाबाई अंगण सारवत होती. गाडी बघून ती हसली म्हणे.

"आरं बाबालाल, डोळं फुटलं का तुझं? माझ्या शिदूच्या लग्नाला पांढऱ्या? जा, लाल आण!"

तिला अजून कुणी काही सांगितलं नाही, हे बाबालालला कळलं. सांगावं तर जीभ उचलेना. "चुकलं, आक्का," एवढंच तो बोलला. गाडी वळवून गेला आणि लाल खुर्च्या घेऊन आला. तो त्या मांडत होता, आणि ती माउली मागं लग्नाची गाणी म्हणत होती.

शिदूला आणलं ते त्या लाल खुर्च्यांमधूनच. आता ही आपल्याला शिव्याशाप देणार, असं बाबालालला वाटलं. पण ती रडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी तो पांढऱ्या खुर्च्या घेऊन आला, तेव्हा मात्र ती आडवी आली.

"ऱ्हाऊ दे लालच. ह्या हैत तंवर माझ्या घरात लगीन हाय."

मग रोज ती लाल खुर्चीवर बसून नदीच्या वाटेकडं बघत राहिली. डोळ्यात टिपूस नाही. ही आता वेडी होणार, असं बाया म्हणायला लागल्या. दहाव्याला बाबालाल खुर्च्या न्यायला आला. त्यानं पहिली खुर्ची मिटली आणि हौसाबाईनं हंबरडा फोडला. खुर्चीचा पाय ती सोडेना. बाबालाल तसाच तिच्याशेजारी मातीत बसला आणि पोरासारखा रडला.

त्यानंतर त्या लाल खुर्च्या लग्नाला न्यायला कोणी धजेना. लग्नं पांढऱ्यांवर लागायला लागली आणि लाल मयताला जायला लागल्या, त्या कायमच्याच.

आजही इथं मयताच्या घरी दहाव्यापर्यंत लालच खुर्च्या असतात. पहिली मिटली की घरातल्या बायकांचं रडं फुटतं, आणि ते ओसरेपर्यंत मंडपवाल्यानं गाडी भरायची नाही, मातीत बसून राहायचं. त्या दारातल्या खुर्चीवर बाई बसलीय ना, ती अजून रडलेली नाही. उद्या दहावा आहे.