बोलणं तोडणारे दोघे

कौटुंबिक समुपदेशनाच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. खोलीत शलाका आणि तिच्यासमोर शिरोळे आणि त्यांची बायको हेमलताबाई. काचेपलीकडे हातात फोन घेऊन परीक्षक धारवाडकर सर. त्यांनी आधीच बजावलं होतं, "चाळीस मिनिटांत हेमलताबाईंनी आपलं म्हणणं पुरं मांडलं पाहिजे. नाहीतर तुम्ही नापास!"

बाईंनी तोंड उघडलं, की शिरोळे म्हणत, "तिला काय म्हणायचंय ते मी सांगतो." शलाकानं त्यांना थांबवलं, की टेबलावरचा फोन वाजे आणि सर ओरडत, "चुकताय तुम्ही! मी सांगतो ते ऐका!" पाच वेळा हेच झालं. बाई पदराशी चाळा करत राहिल्या.

पण शलाका नापास व्हायला आली नव्हती. सहाव्यांदा फोन वाजताच तिनं रिसीव्हर शिरोळ्यांच्या हाती दिला. "सरांशी तुम्हीच बोला."

दोघांची जुंपली. कुणी कुणाला बोलू देईना. इकडे हेमलताबाईंनी बारा वर्षांचं साचलेलं सगळं शांतपणे सांगून टाकलं.

सर तणतणत आत आले. "फोन त्यांना का दिलात?"

"सर, बाईंचं बोलणं तोडणारे दोघे होते. त्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावलं."

सरांनी निकालपत्रक पुढे ओढलं आणि 'उत्तीर्ण'वर सही केली.