बांधाखालची टिटवी

त्या राज्यात एकच तळं होतं आणि तळ्याला एकच बांध. बांधाच्या वरच्या अंगाला पाणी होतं, खालच्या अंगाला माळ. माळावर सशांची बिळं होती, साळिंदरांच्या वाटा होत्या, हरणांची चरायची रानं होती. बांध शाबूत असेल तोवर माळाला ओल मिळे आणि कुणाचं घर बुडत नसे. पण बांधाची खरी हालत ज्यांना ठाऊक होती ते बोलत नसत, आणि जे बोलत त्यांना ती ठाऊक नसे.

राज्य भैरूनानांचं होतं. नाना म्हणजे म्हातारा गवा. अंगाने डोंगराएवढे, मनाने मऊ, आणि अलीकडे नजरेने अधू. ते एका उंबराखाली राहत. उंबरावर पोपटांचा थवा असे. पोपट काही वाईट नव्हते. त्यांना पिकली उंबरं मिळत, गार सावली मिळे, आणि नाना रोज सकाळी मान वर करून विचारत, "काय रे, खाली कसं काय?"

"सगळं क्षेम आहे, नाना!" पोपट एका सुरात सांगत.

कालही त्यांनी हेच सांगितलं होतं आणि काल नाना खूश झाले होते. मग आज वेगळं काही सांगायचं कारण काय? खाली जाऊन बघावं असं एकाही पोपटाच्या मनात कधी आलं नाही. नानांच्याही मनात आलं नाही.

बांधाची राखण घुशींकडे होती. माती उकरण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, म्हणून नानांच्या आज्याने ते काम त्यांना दिलं होतं. घुशींचा मुकादम गलेलठ्ठ आणि अतिशय नम्र होता. इकडची माती काढून तिकडे थापायची, वरून शेपटीने फिरवून गुळगुळीत करायची, ही त्याची रीत. बाहेरून बांध सारवलेल्या ओट्यासारखा दिसे. आत मात्र घुशींची पिल्लं वाढत होती, पिल्लांना पिल्लं होत होती, आणि त्या सगळ्यांना राहायला जागा लागत होती.

बांधाच्या पायथ्याशी येसू नावाची एक टिटवी राहायची. तिचं घरटं म्हणजे चार खडे बाजूला सारून केलेला खळगा. त्यात खड्यांच्याच रंगाची चार अंडी. तिचा जोडीदार अंडी घातली त्याच आठवड्यात ससाण्याने नेला होता, त्यामुळे अंडी उबवायची तिनेच आणि पोटाचं बघायचंही तिनेच. माळावर तिला कुणी फारसं विचारत नसे. टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडतं, असं सगळे मानत. काही वाईट घडणार असेल म्हणून ती ओरडत असेल, हा विचार कुणाला सुचला नव्हता.

खरं सांगायचं तर दोष थोडा येसूचाही होता. ससाणा दिसला तरी ती तेवढ्याच जिवाच्या आकांताने ओरडे आणि वाळकं पान उडालं तरी तेवढ्याच. सगुणा नावाची एक सशीण तिच्या शेजारी राहायची. ती पहिल्या पहिल्यांदा प्रत्येक हाकेला पिल्लं घेऊन धावली, आणि चार वेळा पानंच बघून परत आली. पाचव्या वेळी तिने कान पाडले आणि झोपून राहिली.

श्रावण संपता संपता तळं काठोकाठ भरलं. येसूला बांधाच्या उतारावर एक ओला डाग दिसला. दुसऱ्या दिवशी डाग हरणाच्या पाठीएवढा झाला. ती ओरडली. कुणी बिळातून डोकं बाहेर काढलं नाही.

आला तो मुकादम. तोंडात गांडुळं होती. ती त्याने येसूपुढे अदबीने ठेवली.

"येसूबाई, एकट्या बसता अंड्यांवर. उपाशी राहता. आमच्या जिवाला लागतं हो ते."

येसू अंड्यांवर आणखी घट्ट बसली.

"आणि तो डाग म्हणजे घाम आहे बांधाचा. उन्हाळ्यात जातो आपोआप. उगाच ओरडून घशाला त्रास कशाला?" निघताना तो अंड्यांकडे पाहून म्हणाला, "जपा हं. फार उघड्यावर आहेत."

येसूने दोन दिवस गांडुळांना चोच लावली नाही. तिसऱ्या दिवशी भुकेने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तिने ती खाल्ली. मुकादम रोज गांडुळं आणू लागला. माळावर शांतता पसरली. टिटवी ओरडत नाही म्हणजे सुखाचे दिवस आले, असं सगळे म्हणू लागले.

सहाव्या दिवशी पहाटे उताराचा तो डाग फुटला. भगदाड लहानच होतं, आणि घुशींनी ते घाईघाईने बुजवलंही. पण तेवढ्यात जे पाणी सुटलं ते सरळ सगुणाच्या बिळात शिरलं. तिची तीन पिल्लं होती. दोन वर आली.

त्या सकाळी पोपटांनी नानांना सांगितलं, "सगळं क्षेम आहे. खाली जरा दव पडलंय."

नाना तसे उंबर सोडून माळावर फारसे उतरत नसत. पण त्या दिवशी त्यांना खालच्या खाऱ्या मातीची आठवण झाली आणि ते चाटायला निघाले. कोरड्या माळावर त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला. दव एवढं कसं पडेल, असं म्हणत त्यांनी तो उपसला आणि पुढे टाकणार, तोच पायाखालून आरडाओरडा उठला. येसू पंख पसरून अंड्यांपुढे उभी होती.

"नाना! पाय! पाय मागे घ्या!"

नानांनी पाय हवेतच थांबवला. मग खाली वाकून, डोळे बारीक करून, त्यांनी ती मूठभर टिटवी पाहिली.

"हा चिखल कसला गं?"

येसूने सगळं सांगितलं. डाग सांगितला, भगदाड सांगितलं, सगुणाचं पिल्लू सांगितलं. मग तिची मान खाली गेली आणि तिने गांडुळंही सांगितली.

नानांनी हवेतला पाय मागे टेकवला. "मला का नाही येऊन सांगितलंस? माझ्या उंबरावर ये. एक फांदी तुझी. पोपटांच्या शेजारी बस आणि रोज मला सांग."

"नाना, आम्हाला फांदी धरता येत नाही," येसू म्हणाली. "आमच्या पायांची ठेवणच तशी नाही. आम्ही जमिनीवरच्या."

दुसऱ्या दिवशी नानांनी माळावर सगळ्यांना बोलावलं. मुकादमाने पुढे येऊन सांगितलं की भगदाड पडलं ते टिटवीच्या अपशकुनामुळे. तिला माळावरून हाकलावं. हे बऱ्याच जणांना पटलंही. पण येसू सगुणासमोर जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "सगुणा, डाग मला दिसत होता. मी खाल्लं आणि गप्प बसले."

सगुणाने तिच्याकडे पाहिलं नाही. पण मुकादमाकडे मात्र पाहिलं, आणि तिच्या पाहण्याने बाकीच्यांच्या माना तिकडे वळल्या.

नाना म्हणाले, "येसूच्या पोटाची काळजी आता मी घेतो. माझ्याकडून रोज किडेमुंग्या पोचतील."

तेव्हा तळ्यातून गेनूतात्या बोलले. गेनूतात्या म्हणजे कासव. नानांहून वयाने मोठे, आणि नानांना अरे-तुरे करणारे राज्यात तेवढेच एक. "भैरू, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. काल ती घुशींची वाजवत होती, उद्या तुझी वाजवेल. आम्हाला त्याचा काय उपयोग?"

"मग काय करू, तात्या?"

"तू तिच्यावर पाय देऊ नकोस. दुसऱ्या कुणाला देऊ देऊ नकोस. बाकीचं आमच्यावर सोड."

मग माळाने जे केलं ते कुणी ठरवून दिलं नव्हतं. ते होत गेलं. साळिंदरांनी आपले गळलेले काटे आणून घरट्याभोवती कुंपण रोवलं, म्हणजे घुशींना तिथे फिरकता येईना. हरणांनी चरायला जाण्याची वाट घरट्याजवळून वळवली. त्यांच्या खुरांनी गवतातले किडे उडत आणि येसूला जागेवरच पोटभर मिळत. आज एका कळपाचे, उद्या दुसऱ्याचे. कुणाचे किती, याचा तिला पत्ता लागत नसे आणि विचारायचं कारणही नसे. घरटं आणि बांध यांच्यामध्ये गवत फार वाढलं होतं. एके सकाळी येसू पाहते तो सगुणा आपली दोन पिल्लं घेऊन ते गवत कुरतडत होती. अगदी मुळापर्यंत, शिस्तीत. दुपारपर्यंत बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसू लागला. सगुणा एक शब्द न बोलता निघून गेली.

गेनूतात्यांनी शिकवणी घेतली. ती सोपी नव्हती.

"काय दिसलं?"

"पाणी! पाणी!"

"कुठे? केवढं? कालच्यापेक्षा जास्त की कमी? तू पाहिलंस की कुणी सांगितलं?"

येसूला रडू येई. "तात्या, तेवढ्यात बांध फुटेल."

"फुटू दे. पण खोटं ओरडलीस तर पुढच्या वेळी कुणी उठणार नाही, आणि तेव्हा खरंच फुटेल."

हळूहळू तिला जमलं. ससाण्याला एक हाक, पाण्याला दुसरी. पानांना हाक नाही. बांधाच्या आतली बाजू तिला दिसत नसे; ती तात्या पाण्यातून बघून येत आणि सांगत. इथे असं काही चाललंय हे ऐकून पलीकडच्या माळावरून आणखी दोन टिटव्या राहायला आल्या आणि बांधाची दोन टोकं त्यांनी वाटून घेतली. घुशींना आता प्रत्येक ढेकळाचा जाब द्यावा लागे, आणि खरं म्हणजे त्यांच्यातल्या काही जणी बांध मनापासून लिंपू लागल्या होत्या. एकदा तर एक तरुण पोपट लाजत लाजत खाली उतरला आणि येसूला म्हणाला, "नाना विचारतात खाली काय चाललंय. आज खरंच काय चाललंय?"

नाना येसूचं कौतुक करताना थकत नसत. "आपली टिटवी," म्हणत.

भादवा अर्ध्यावर आला. ऊन असं तापलं की खड्यांवर पाय ठेववेना. नानांना उंबराखालीही उकडू लागलं, म्हणून ते दुपारचे बांधाच्या मधोमध जाऊन बसू लागले. तिथे तळ्यावरचा वारा लागे. आणि त्याच आठवड्यात एका दुपारी येसूची पाण्याची हाक माळावर उठली. सगळे बाहेर आले. हाक स्पष्ट होती, आणि म्हणूनच सगळे जागच्या जागी थिजले.

"बांधाच्या मधोमध! नानांच्या बैठकीखाली!"

कुणी हललं नाही. मुकादम तेवढा हसला. "बघितलंत? ज्यांनी आसरा दिला, त्यांच्यावरच."

नाना उठले. बांध उतरून खाली आले. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या होत्या आणि प्रत्येक पावलाला माळ हादरत होता. पोपट उंबरावरून ओरडू लागले की नानांची बैठक पुण्याची जागा आहे, तिच्या भाराने बांध उलट घट्ट बसतो. सगुणाने पिल्लांना पोटाखाली घेतलं. नाना काट्यांच्या कुंपणापाशी येऊन थांबले. त्यांचा एक खूर येसूच्या अख्ख्या घरट्याहून मोठा होता.

"मी?" नाना म्हणाले.

येसू अंड्यांवरून उठली नाही. "हो, नाना."

"काय पाहिलंस ते सांग. ऐकलेलं वेगळं सांग."

"पाहिलं ते एवढंच, की तुम्ही बसता तिथली माती खचली आहे. आणि त्याच्या बरोबर खाली सकाळपासून पाणी झिरपतंय. सकाळी नितळ होतं. आता गढूळ आहे." तिने श्वास घेतला. "ऐकलं ते तात्यांकडून. आतून घुशींची जुनी बिळं तिथेच जास्त आहेत. तुमचं वजन त्यांच्यावर येतं. गढूळ म्हणजे आतली माती वाहून चाललीय, असं तात्या म्हणतात."

नाना उभे राहिले. त्यांच्या अधू डोळ्यांना बांध दिसत नव्हता, डाग दिसत नव्हता. दिसत होती ती एवढीशी टिटवी, आणि तिच्याभोवतीचे साळिंदरांचे काटे.  मग त्यांच्या फुगलेल्या नाकपुड्या खाली बसल्या.

"किती वेळ आहे आपल्याकडे?"

"इथून कळत नाही. जवळ जाऊन बघावं लागेल."

"मग जा."

"नाना, ऊन..." येसूने अंड्यांकडे पाहिलं. "मी उठले तर शिजतील."

"जा म्हणतो ना."

येसू उडाली. बांधाच्या उतारावरून खाली-वर घिरट्या घालत, डागाची कड कुठवर आली ते सांगत, ती ओरडत राहिली. "नानांच्या बैठकीखाली! दोन हात डावीकडे! माती आणा, दगड आणा, नानांच्या बैठकीखाली!" आता हरणं धावली, साळिंदरं धावली, सगुणा तोंडात ओला पाला घेऊन धावली. मुकादमाच्या मागे उभ्या असलेल्या घुशींपैकी अर्ध्याअधिक पुढे झाल्या आणि उकरलेली माती परत ढकलू लागल्या. एवढ्या सगळ्यांच्या गलक्यातही टिटवीचा आवाज वेगळा ऐकू येत होता आणि त्यात नानांचं नाव पुन्हा पुन्हा येत होतं.

खाली मोकळ्या माळावर, भर उन्हात, म्हातारा गवा चारी पाय फाकवून उभा होता. कानाशी माशी आली तरी तो मान हलवत नव्हता. त्याची सावली काट्यांच्या कुंपणात नेमकी चार अंड्यांवर पडली होती, आणि सूर्य सरकेल तसा तोही एकेक बोट सरकत होता.