कपाटाची परवानगी

निवृत्त मुख्याध्यापिका सुलभा टिपरे यांना साठीनंतर किल्लीशिवाय कुलपं उघडायचा छंद लागला. सरावाचं पारदर्शक कुलूप आणि दोन वाकड्या सळया घेऊन त्या तीन आठवडे बसल्या, तेव्हा कुठे पहिलं कुलूप खटकन सुटलं.

गावच्या वाचनालयाला त्यांच्या वडिलांनी दिलेले ग्रंथ वीस वर्षं कपाटात बंद होते. अध्यक्ष नानासाहेब कर्पे यांच्या मते पुस्तकांना खरा धोका वाचकांपासूनच होता. वार्षिक सभेत बाईंनी पुन्हा ग्रंथ मागितले, तेव्हा नानासाहेब हसले.

"छंद आहे ना तुम्हाला? मग उघडा की."

बाईंनी सळया काढल्या, आतल्या पिना एकेक करून चाचपल्या. दहाव्या मिनिटाला कुलूप सुटलं.

नानासाहेबांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. "लक्षात ठेवा, माझ्या परवानगीशिवाय या कपाटात आजवर कोणी शिरलेलं नाही."

बाईंनी दार उघडलं. ग्रंथांच्या जागी मातीचे ढिगारे होते आणि त्यांवर वाळवी निवांत फिरत होती.

"म्हणजे हिला परवानगी तुम्हीच दिली होती," त्या शांतपणे म्हणाल्या.

सभा हसत राहिली. बाईंनी शाबूत राहिलेला एकुलता एक ग्रंथ पदराने पुसला आणि रजिस्टरात सही करून रीतसर घरी नेला.