घटपर्णीने निवडलेली वाळू

फार पूर्वी, कुंडीत कोणी यावे हे झाडेच ठरवीत असत, तेव्हाची ही गोष्ट. किडे खाऊन जगणाऱ्या एका घटपर्णीची निम्मी मुळे मागच्या कुंडीतल्या सुपीक मातीने जळाली होती. आता निवड पुन्हा चुकली असती, तर ती वाचली नसती.

समुद्राची वाळू चकाकत पुढे आली. "ताई, माझ्यापाशी शिंपल्यांचा चुना आहे, मीठ आहे. ही ओढ्याची रेती तर धुऊन धुऊन दरिद्री झालेली. ही तुम्हांला काय देणार?"

"काही नाही," जाडसर रेती म्हणाली. "माझ्यातून पाणी जसे येते तसेच जाते."

घटपर्णी तुच्छतेने हसली. "अगं वाळू, ओठांना मध लावून माशीला आत बोलावण्याचा उद्योग मी जन्मभर करते आहे. तो तू मला शिकवणार? माझे जेवण मी वरच्या वर मिळवते. मुळांशी मला दाता नको, उभे राहायला जागा हवी."

तिने रेतीत मुळे सोडली आणि यथावकाश तिला नवा घट फुटला.

समुद्राची वाळू बागेच्या वाटेवर पसरली गेली. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखालून ती अजूनही सांगत असते, की त्या गर्विष्ठ झाडाला आपणच नकार दिला.