पाटी फिरते आहे

माळावरच्या बिळांना पाट्या असत, तेव्हाची ही गोष्ट. कायम राहणाऱ्याच्या दारावर त्याचे नाव असे. जिथे दर आठवड्याला नवा भाडेकरू येई, तिथे नुसते ‘फिरते बीळ’ आणि आकडा.

पत्रे कोतवाल पक्षी पोचवी. फिरत्या बिळांतून खोडसाळ पत्रे फार निघत, म्हणून तिथली पत्रे तो पाटी पाहूनच परत करी.

मुंगूसबाईने लेकीच्या लग्नाच्या पत्रिका धाडल्या. सगळ्या परत आल्या. लग्न चार दिवसांवर!

“अहो कोतवालभाऊ, तीन वर्षं मी याच सतरा नंबरात राहतेय!”

“तुम्ही राहताय हो, पण पाटी फिरतेय ना!”

मुंगूसबाईने लगेच पाटी बदलली: ‘मुंगूसबाई, कायमच्या’. कोतवालाने नावाने हाक मारली, आतून ओ आली, आणि पत्रिका सुटल्या.

दुसऱ्या दिवशी अठरा नंबरच्या कोल्ह्याने हुबेहूब तीच पाटी लावली आणि पत्र पुढे केले: ‘लग्न मोडले. आहेराची अंडी अठरा नंबरात पाठवावीत.’

कोतवालाने पाटी वाचली आणि हाक मारली, “मुंगूसबाई!”

“आले हो, आले!” शेजारच्या सतरा नंबरातून आवाज आला.

“मग तुम्ही कोण?” कोतवालाने कोल्ह्याला विचारले.

कोल्हा पाटी उतरवत म्हणाला, “मी आपला फिरता.”