पुसलेल्या पट्ट्या

“मग माझं चुकलं कुठं, ते तरी सांगा!”

पराग तायडेचा आवाज चढला होता. नर्सिंगला विद्यापीठात पहिला आलेला मुलगा. मेंदूविकारांच्या वॉर्डात रुजू होऊन त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

प्रश्न सुवार्ता गोर्डे सिस्टरांना होता. याच वॉर्डात त्यांची नोकरी सरली, तरी नव्यांना शिकवायला रोज सकाळी यायच्या.

त्या फरशीकडे बघत होत्या.

फरशी चकाकत होती. आदल्या दिवशी वरून साहेब पाहणीला आले होते. या वॉर्डात दोन पेशंटमागे एक खाट आहे. साहेबांनी ते पाहिलं नाही. फरशी पाहिली आणि शाबासकी देऊन गेले.

शाबासकी परागला मिळाली. वाटेतली बादली, स्टूल, चपला त्यानं हलवल्या होत्या. खाटेपासून संडासापर्यंत फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे मळके तुकडे आडवे चिकटवलेले होते. तेही त्यानं नखांनी खरवडून काढले होते.

ते तुकडे सिस्टरांनी चिकटवले होते. नरसय्यांसाठी.

नरसय्या बोड्डू, सोलापूरचे विणकर, वय बहात्तर. कंपवात. आत्ता ते वॉर्डाच्या दारात उभे होते. पाय फरशीला खिळलेले. दंड परागच्या हातात.

आणि समोर, संडासाच्या बाजूला, त्यांचा मुलगा अंबादास. त्यानं सकाळीच सांगून टाकलं होतं, “दिवसभर आमच्या घरी कुणी नसतं. आपल्या पायांनी संडासापर्यंत गेले, तर आज घरी नेतो. नाहीतर वृद्धाश्रमात नाव घातलंय.”

“चला ना आजोबा,” पराग म्हणाला. “वाट एकदम मोकळी आहे.”

त्यानं ओढलं. नरसय्यांचं अंग पुढं झुकलं, पाय जागचे हलले नाहीत. पडता पडता वाचले.

“कालपर्यंत जात होते म्हणता ना?” अंबादास म्हणाला.

“पराग, सोड त्यांना,” सिस्टर म्हणाल्या.

“पडतील, सिस्टर.”

“भिंतीचा कठडा आहे हाताला. तू सोड.”

त्यानं सोडलं. सिस्टर कण्हत, गुडघा धरून फरशीवर बसल्या. एक पाय लांब केला. नरसय्यांच्या बोटांसमोर, आडवा.

“ओलांड, नरसय्या.”

नरसय्यांचा चेहरा या आजारानं कधीच थिजवलेला. ओठ तेवढे हलले.

“बाई... माणसाला ओलांडू नये.”

“मी आता कुठं वाढायची राहिलेय? ओलांड!”

नरसय्यांनी थरथरता हात कपाळाला लावला. बराच वेळ खाली बघितलं...

पाय उचलला गेला. मग दुसरा. सिस्टरांच्या पायाला धक्कासुद्धा लागला नाही. पुढं आणखी दोन पावलं, आणि पुन्हा खिळले.

सिस्टरांनी परागकडे पाहिलं.

“सिस्टर, माझा युनिफॉर्म...”

“फरशी स्वच्छ आहे. तूच पुसून घेतलीस.”

परागचे कान लाल झाले. तो खाली बसला. पाय पसरला.

नरसय्यांनी त्या पायाकडे पाहिलं. “ह्याला अजून वाढायचंय.”

“वाढलाय तेवढा पुरे. ओलांड.”

नरसय्यांनी ओलांडलं. पराग बसल्या बसल्या पुढं सरकला, पाय पसरला. पुन्हा सरकला. असं अकरा वेळा. शेवटी शेवटी तो पुटपुटत होता, “या आजोबा... या...” ओढत मात्र नव्हता.

संडासाचं दार लोटलं गेलं. आतून.

अंबादास त्या दाराकडे बघत उभा राहिला. मग सिस्टरांपाशी येऊन उकिडवा बसला.

“घरी असं कोण बसणार, बाई?”

सिस्टरांनी खिशातून खडू काढला. “एकेका पावलावर एक रेघ. आडवी. ठळक. ओलांडायला काही दिसलं की त्यांचा पाय उचलतो.”

“आणि फरशी पुसल्यावर?”

“पुन्हा ओढायची.”

अंबादासनं खडू शर्टाच्या खिशात ठेवला आणि फोन काढला. “आश्रमाला सांगतो, नाव काढून टाका म्हणून.”

पराग पँट झटकत आला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

“खडू तुमच्या खिशात होता?”

“होता.”

“मग मला अख्खी वाट फरशीवरून घसटत कशाला नेलंत?”

सिस्टरांनी बसल्या जागेवरून हात वर केला.

“उठव मला. ओढू नकोस.”